झूल, लुगडं आणि संगणकाचा हिशोब

पोळ्याला सजवलेला बैल संगणकाच्या पडद्यावर चालवायचा असेल, तर बैल त्यातल्या त्यात सोपा. त्याला हाडं आहेत. कुठला सांधा किती वाकला, मान किती वळली, शेपटी कुठे गेली, असे शे-दीडशे आकडे ठरवले की त्या क्षणाचा बैल उभा राहतो. अवघड आहे ती त्याच्या पाठीवरची झूल. तिला हाडं नाहीत. तिचा प्रत्येक बिंदू हलायला मोकळा आहे, पण शेजारच्या बिंदूला सोडून नाही. बैल पाऊल टाकतो, झुलीची कड क्षणभर मागे राहते, मग पुढे येते, पायावर आपटते, दुमडते आणि पुन्हा सुटते.

हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये चित्रकार चार रेषांत झूल सुचवतो आणि आपण ती बिनतक्रार मानतो. त्रिमितीय चित्रात ही सवलत मिळत नाही. डोळा लगेच म्हणतो, हे कापड नव्हे, पत्रा आहे. नाहीतर म्हणतो, हे रबर आहे. म्हणून इथे कापड काढत बसत नाहीत. त्याला वजन देतात, ताण देतात, वारा देतात, आणि पुढे ते कसं पडेल याचा हिशोब संगणकाकडून करून घेतात. यालाच सिम्युलेशन म्हणतात.

खानदेशाला कापड नवं नाही. 1861 ते 1865 च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा मुंबईच्या बाजाराने ज्या मुलुखांकडे पाहिलं त्यात हा काळ्या जमिनीचा मुलूखही होता. पुढे जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर या गावांचा दिवस चालला. ते भोंगे आता वाजत नाहीत. अमळनेरचा योग तर आणखी गमतीचा. श्रीमंत प्रताप शेठांच्या या गिरणीच्या गावातच डिसेंबर 1945 मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, आणि तीच पुढे संगणकाच्या धंद्यात शिरून विप्रो म्हणून जगभर गेली. कापड आणि संगणक दोन्ही एकाच गावाच्या वाट्याला आले, पण त्यांची गाठ पडली ती दूर अमेरिकेत.

गाठ पडायला वेळ लागला, कारण कापड हा विचित्र पदार्थ आहे. साध्या विणीच्या सुती कापडाचा तुकडा ताण्याच्या दिशेने, म्हणजे उभ्या धाग्याच्या बाजूने ओढून पाहा. जवळजवळ हलत नाही. बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या बाजूने ओढा, थोडंसं देतं. आता तोच तुकडा कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, शिंपी ज्याला उरेब म्हणतात त्या दिशेने ओढा. सरळ लांब होतो. धागे मुळीच ताणले गेलेले नसतात, फक्त त्यांच्यातला काटकोन मोडून चौकटी तिरक्या झालेल्या असतात. आणि वाकवायचं म्हटलं, तर स्वतःच्या वजनानेच वाकतं. एकाच पदार्थात ओढायला इतका हट्टी आणि वाकायला इतका मऊ असा स्वभाव क्वचित सापडतो. याचं एक कारण जाडीत आहे. पातळ पत्र्याचा ताणाला होणारा विरोध जाडीच्या प्रमाणात घटतो, पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात घटतो. जाडी दहावा हिस्सा केली, तर ताणाचा विरोध दहावा हिस्सा होतो आणि वाकण्याचा हजारावा. कापडात तर भरीला धाग्यातले तंतू एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे ते आणखीच मऊ पडतं.

कोन मोडण्याच्या या सवलतीवरच सगळी शिवणकला उभी आहे. कागद माठावर बसवायला जा, त्याला कडक घड्या पडतील. ओलं फडकं मात्र माठाला बरंच अंगाबरोबर बसतं, कारण जिथे गोलाई येते तिथे त्याच्या चौकटी तिरक्या होतात. रशियन गणिती चेबिशेव यांनी 1878 साली पॅरिसमध्ये नेमक्या याच विषयावर, कपडे कसे बेतावेत यावर, निबंध वाचला. कापड म्हणजे लांबी न बदलणाऱ्या पण कोन बदलणाऱ्या धाग्यांचं जाळं, असं त्यांनी मांडलं, आणि गोलावर ते जाळं कसं बसेल याचं गणित केलं. संगणक अजून जन्माला यायचा होता. चांगला शिंपी हे गणिताशिवाय जाणतो, म्हणूनच तो उरेब कापडाला हात लावताना जपतो.

संगणकाच्या पडद्यावर कापड आणण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न 1986 मधला, जेरी वाइल यांचा. टांगलेल्या दोरीला जो झोळ पडतो त्याच्या वक्ररेषा जोडून त्यांनी लटकणारं कापड काढलं. दिसायला ठीक, पण ते हलत नव्हतं. दुसऱ्याच वर्षी डिमिट्री टेर्झोपूलस, जॉन प्लॅट, अॅलन बार आणि कर्ट फ्लायशर यांनी लवचीक वस्तूंचं भौतिकीच चित्रात आणलं, आणि या शाखेचा पाया तिथे पडला.

सर्वांत सोपी रीत समजायला घरची बाज डोळ्यांसमोर आणावी. दोऱ्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक मणी बसवला, आणि मण्यामण्यांमध्ये दोरीऐवजी स्प्रिंग घातली, की झालं संगणकाचं कापड. मण्यांना वजन, स्प्रिंगांना ताठरपणा. उभ्या-आडव्या स्प्रिंगा ताणा-बाण्याचं काम करतात, कर्णावरच्या स्प्रिंगा उरेबाचं, आणि एक मणी सोडून पलीकडच्या मण्याला जोडणाऱ्या स्प्रिंगा वाकण्याला विरोध करतात. एक मीटर चौरस फडक्यात सेंटिमीटरवर एक मणी ठेवला तर 10,201 मणी आणि 60,198 स्प्रिंगा होतात. नऊवारी लुगड्याची लांबी सव्वाआठ मीटर आणि पन्हा 115 सेंटिमीटर धरला, तर मणीच 95 हजारांच्या घरात जातात. प्रत्येक मण्यावरचा ताण, वजन, वारा यांची बेरीज करायची, न्यूटनचा नियम लावायचा, मणी किंचित सरकवायचा, आणि हे पुन्हापुन्हा करत राहायचं.

खरी मेख त्या ‘किंचित’मध्ये आहे. आत्ताचा ताण पाहून संगणक मण्याला पुढच्या क्षणाच्या जागी नेतो. पाऊल जरा मोठं पडलं की मणी आपल्या जागेच्या पलीकडे निघून जातो, तिथे ताण उलटा आणि आधीपेक्षा मोठा होतो, पुढच्या पावलाला तो त्याहून लांब फेकला जातो, आणि पाहता पाहता कापडाच्या चिंध्या पडदाभर उडतात. स्प्रिंग जितकी ताठर आणि मणी जितका हलका, तितकं पाऊल छोटं लागतं. चौरस मीटरला 150 ग्रॅमच्या सुती कापडाचा एक चौरस सेंटिमीटर भरतो अवघा 15 मिलिग्रॅम, आणि धागा तर ताणाला हट्टी. परिणामी, सिनेमाला सेकंदाला 24 चित्रं पुरतात, पण अशा कापडाला एकेका चित्रासाठी शेकडो पावलं टाकावी लागतात. त्यात मणी दुप्पट दाट केले की त्यांची संख्या चौपट होते आणि पाऊल निम्म्यावर येतं, म्हणजे काम आठपट.

झाव्हिए प्रोव्हो यांनी 1995 मध्ये एक व्यवहारी पळवाट काढली. स्प्रिंगा मुद्दाम मऊ ठेवायच्या, आणि एखादी ठरावीक मर्यादेपलीकडे ताणली गेली की तिची दोन्ही टोकं हाताने धरल्यासारखी जवळ आणायची. पण खरा बांध फुटला 1998 साली, डेव्हिड बराफ आणि अँड्र्यू विटकिन यांच्या निबंधाने. त्यांनी प्रश्नच उलटा विचारला. आत्ताचा ताण मण्याला कुठे नेईल हे विचारायचं नाही. पुढच्या क्षणी मणी अशा कोणत्या जागी असेल, की तिथला ताणच त्याला तिथे घेऊन आला असं म्हणता येईल, हे विचारायचं. असं विचारलं की मोठं पाऊल टाकूनही कापड उधळत नाही. किंमत अशी, की सगळ्या मण्यांच्या जागा एकदम शोधाव्या लागतात, म्हणजे लाखो समीकरणं एका वेळी सोडवायची. सुदैवाने प्रत्येक मणी फक्त आसपासच्या मोजक्या मण्यांशी बांधलेला असतो, म्हणून त्या समीकरणांत बहुतेक जागी शून्यच असतात, आणि अशा कामासाठी 1952 पासून माहीत असलेली गणिती रीत हाताशी होती. समीकरणांचा तो डोंगर संगणक मुकाट्याने उपसतो.

पिक्सारच्या ‘गेरीज गेम’ या 1997 च्या लघुपटातल्या म्हाताऱ्याचं जाकीट आणि 2001 च्या ‘मॉन्स्टर्स, इंक.’मधल्या चिमुरडीचा टी-शर्ट हे कापडाच्या सिम्युलेशनचे जगाने पाहिलेले नमुने. बराफ, विटकिन आणि त्यांचे सहकारी मायकल कॅस यांना 2006 मध्ये ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. या रीतीत एक खोट आहे, ती सांगायला हवी. मोठी पावलं टाकताना ती कापडातली ऊर्जा गिळते. झेंडा तेलात बुडवल्यासारखा सुस्त फडकतो. पुढच्या कितीतरी संशोधनाचा रोख या सुस्तीकडेच आहे.

आता नऊवारीकडे येऊ, कारण माझ्या मते कापडाच्या कुठल्याही सिम्युलेशनची खरी कसोटी तीच आहे. निबंधांत नेहमी दिसतं ते चेंडूवर पडणारं चौकोनी फडकं. ते सोपं आहे. शिवलेल्या कपड्याचीही रीत ठरलेली आहे. बेतलेले तुकडे आकृतीभोवती हवेत ठेवायचे आणि कडा एकमेकींकडे ओढून शिवण घालायची. लुगड्याला तुकडेही नाहीत आणि शिवणही नाही. ते नेसावं लागतं. म्हणजे संगणकाला आधी नेसण्याची कृतीच करावी लागणार: कमरेची गाठ, निऱ्या, त्यांचं खोचणं, दोन पायांमधून मागे नेलेला काष्टा, छातीवरून गेलेला पदर. हे सगळं टिकतं ते एका गाठीवर, ताणावर आणि कापडाला कापडाच्या होणाऱ्या घर्षणावर. घर्षण जरा कमी धरलं, की दोन पावलांत निऱ्या सुटल्या.

शिवाय प्रत्येक निरी शेजारच्या निरीला चिकटून असते, आणि कापडाने कापडातून आरपार जायचं नाही हा नियम पाळायचा असतो. 95 हजार मण्यांच्या जाळ्यात जवळजवळ 1 लाख 90 हजार त्रिकोण होतात. कोण कोणावर आपटतंय हे पाहायला प्रत्येक जोडी तपासली, तर दर पावलाला हजारो कोटी तपासण्या कराव्या लागतील. म्हणून कापडाचे भाग मोठ्या काल्पनिक पेट्यांत बसवतात, त्यांच्या आत लहान पेट्या ठेवतात, आणि ज्या पेट्या एकमेकींना शिवतच नाहीत त्यांच्या आतलं पाहतच नाहीत. तरीही वेगाने येणारा मणी दोन पावलांच्या मधल्या काळात पलीकडे निसटू शकतो. रॉबर्ट ब्रिडसन, रोनाल्ड फेडकिव आणि जॉन अँडरसन यांनी 2002 मध्ये यावर भक्कम बंदोबस्त सुचवला: जवळ आलेल्या थरांना आधीच हलकेच दूर लोटा, मधल्या काळातली टक्कर नेमक्या क्षणापर्यंत शोधा, आणि तरीही गुंता राहिला तर तेवढा भाग एकसंध ढेकूळ समजून हलवा.

पण पात्राचीच चूक असेल तर? अॅनिमेटर कोपर बिनधास्त पोटात घुसवतो, कॅमेऱ्याला ते दिसत नाही. मधल्या कापडाने जायचं कुठे? दोन अशक्य भिंतींमध्ये सापडून त्याचा बोळा होतो. बराफ, विटकिन आणि कॅस यांनी 2003 मध्ये यासाठी स्वतंत्र निबंधच लिहिला. कापड कापडाला जिथे छेदतं ती रेषा शोधायची, तिच्यावरून कोणता भाग चुकीच्या बाजूला गेलाय हे ओळखायचं, आणि तेवढ्या भागाला ढकलण्याऐवजी उलट बाहेर ओढायचं. मला हा निबंध पहिल्या निबंधाइतकाच मोलाचा वाटतो. आदर्श जगाचं गणित मांडणारे पुष्कळ असतात, दुसऱ्याने केलेला घोळ निस्तरण्याचं गणित मांडणारे थोडे.

सुरकुत्यांचा प्रश्न वेगळा. त्या इतक्या बारीक असतात, की सेंटिमीटरभर अंतरावरच्या मण्यांना त्या दिसतच नाहीत. जिनिव्हा विद्यापीठाच्या मिरालॅब प्रयोगशाळेत सुनील हडप आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये यावर एक देखणी युक्ती मांडली. जाळं विरळच ठेवायचं, पण त्यातला एखादा त्रिकोण आखडला, तर खऱ्या कापडाचं क्षेत्रफळ कुठे नाहीसं झालेलं नसतं, ते सुरकुतीत गेलेलं असतं. म्हणून जितकं क्षेत्रफळ घटलं, तितकी त्या जागेवर आधीच आखलेली सुरकुती वर उचलायची. राहुल नारायण, जे आता आयआयटी दिल्लीत शिकवतात, त्यांनी 2012 मध्ये बर्कलीतल्या सहकाऱ्यांबरोबर दुसरी वाट धरली. जिथे घडी पडतेय तिथे जाळं आपोआप दाट होतं, सपाट भागात पुन्हा विरळ, आणि दाटीही घडीच्या दिशेला धरून.

तिसरी वाट म्हणजे सरळ धाग्यापर्यंत उतरायचं. कॉर्नेल विद्यापीठातल्या काल्डर, जेम्स आणि मार्शनर यांनी 2008 मध्ये विणलेला स्वेटर टाक्या-टाक्याने उभा केला. स्वेटर ताणला जातो तो लोकर लांब होते म्हणून नाही, टाक्याचा फास सरळ होतो म्हणून, आणि हे स्प्रिंगांच्या जाळ्याला नीट जमत नाही. आपल्या लुगड्याला ही रीत लावली तर? सेंटिमीटरला 25 धागे धरले, तर एका नऊवारीत ताणा-बाण्याचा मिळून सुमारे 47 किलोमीटर धागा जातो. जळगाव ते धुळे रस्ता साधारण 90 किलोमीटरचा, म्हणजे दोन लुगड्यांचा धागा उसवला तर तो या गावाहून त्या गावाला पोचेल. आणि धागा धाग्याला ओलांडतो अशा जागा एका लुगड्यात 5 कोटी 90 लाखांच्या वर. हा हिशोब ऐकून संगणकही घाम पुसेल.

कापडाबाहेरच्या मऊ पदार्थांत मला सर्वांत अवघड वाटतो तो खानदेशी मांडा. पुरण भरलेला तो गोळा दोन्ही हातांवर झेलत, वाढवत, पातळ करत पालथ्या खापरावर टाकतात. स्प्रिंग सोडली की मूळ जागी येते, कणीक येत नाही, किंवा अगदी थोडी येते. सावकाश ताणली तर वाढते, हिसका दिला तर फाटते. टेर्झोपूलस आणि फ्लायशर यांनी 1988 मध्येच अशा पदार्थांचं गणित मांडलं. ताण एका मर्यादेपलीकडे गेला, की पदार्थाने आपला ‘मूळ आकार’ म्हणून जो लक्षात ठेवलेला असतो, तोच बदलून टाकायचा. पुढे याच विचारातून, मणी आणि चौकटी दोन्ही वापरणारी एक रीत वापरून, डिस्नेच्या 2013 च्या ‘फ्रोझन’मधला बर्फ तयार झाला. रावेर-यावलकडच्या केळीचं पान पुन्हा तिसरीच तऱ्हा. वाऱ्याने ते फाटतं, पण मधल्या दांड्याकडून कडेकडे जाणाऱ्या शिरांच्या बाजूनेच, आणि एकदा चिरफळ्या झाल्या की वारा त्यांतून निघून जातो. पदार्थाला दिशा असते, ती चुकवली तर पान पानासारखं फाटणार नाही.

खेळांच्या दुनियेत एवढी चैन परवडत नाही. तिथे चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात हवं. माथियास म्युलर आणि सहकाऱ्यांनी 2006 च्या सुमारास जी रीत आणली, ती ताणाचं गणित बाजूला ठेवून थेट मण्यांच्या जागाच दुरुस्त करते. भौतिकीच्या दृष्टीने ती बरीच ढिली, कारण कापड किती ताठ हे संगणकाने किती फेऱ्या मारल्या यावरही ठरायचं. ते 2016 मध्ये बरंच सुधारलं. पण ती कधी उधळत नाही, आणि घाईच्या कामात हाच गुण मोठा.

या सगळ्या गणिताला शेवटी आकडे लागतात: हे कापड ताण्यात किती ताठ, बाण्यात किती, उरेबात किती, वाकायला किती. जपानच्या सुएओ कावाबाता यांनी 1970 च्या दशकात यासाठी यंत्रांचा संचच बनवला. त्याच्या कितीतरी आधी, 1930 साली, इंग्रज संशोधक एफ. टी. पीअर्स यांनी मँचेस्टरला एक बिनखर्ची चाचणी सांगितली होती. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेवरून हळूहळू बाहेर सरकवायची. तिचं लोंबणारं टोक आडव्या पातळीच्या खाली 41.5 अंशांच्या रेषेला टेकलं की थांबायचं. बाहेर आलेल्या लांबीचं निम्मं घ्यायचं, त्याचा घन करायचा आणि दर चौरस सेंटिमीटरच्या वजनाने गुणायचं. 15 मिलिग्रॅमचं मऊ सुती कापड 4 सेंटिमीटरवर टेकलं, तर उत्तर 120. तेच खळ देऊन वाळवलं आणि 8 सेंटिमीटरवर टेकलं, तर 960. खळीचं वजन धरलं तर थोडं जास्तच. खळीने धोतर ‘उभं राहतं’ म्हणजे किती, ते या आठपटीत कळतं.

फुकट मिळणाऱ्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये कापडाचे तयार प्रकार आहेत सुती, डेनिम, चामडं, रबर आणि रेशीम. मांजरपाट नाही, इरकल नाही, खण नाही, खादी नाही. जळगाव-धुळ्यात अभियांत्रिकीची महाविद्यालयं आहेत, शिरपूरला तर वस्त्रतंत्रज्ञानही शिकवलं जातं. तिथल्या मुलांनी बाजारातून कापडाच्या पट्ट्या आणाव्यात, टेबल, फुटपट्टी, वजनकाटा आणि 41.5 अंशांत कापलेली एक फळी घ्यावी, ताणा, बाणा आणि उरेब अशा तिन्ही दिशांनी मोजावं, आणि ते आकडे सर्वांसाठी खुले करावेत. या कामाला ना संगणकाचा खर्च आहे, ना कोणाच्या परवानगीची गरज.